चाळीस फुटांवरचं एकमत

विमानाला एक साधा प्रश्न सतत पडलेला असतो: आपण हवेत आहोत की जमिनीवर? माणसांपैकी काहींना याचं उत्तर निवृत्त होईपर्यंत मिळत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. विमानाचं अडतं. चाकं टेकली की पंखांच्या पाठीवरच्या चपट्या पट्ट्या, म्हणजे स्पॉयलर, ताडकन उभे राहतात. पंखांचा आधार सुटतो, सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक नीट लागतात. हे जमिनीवर घडलं तर त्याला उत्तम रचना म्हणतात. हवेत घडलं तर चौकशी समिती नेमतात.

इतका नाजूक प्रश्न एकट्यादुकट्यावर सोपवायला नको म्हणून कंपनीने विमानात तीन संगणक बसवले होते. तिघांनी मत द्यायचं. दोघांचं जमेल ते खरं, उरलेला बाद. आणि तिघांनी मिळून एकच चूक करू नये म्हणून ते तीन वेगळ्या गटांनी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता तयार करायचे. पहिली खोली, दुसरी खोली, तिसरी खोली. कॅन्टीनच्या वेळा वेगळ्या, प्रिंटर वेगळे, बोळापासून मोठ्या हॉलपर्यंत फरशीवर पिवळी रेघ. त्या रेघेची राखण करायला एक अधिकारी होते. त्यांच्या पदाचं नाव दारावरच्या पाटीत मावत नसे, म्हणून सगळे त्यांना भिंतसाहेब म्हणत. दोन खोल्यांमध्ये काम चालू असताना बोलणं झालंय असं त्यांना कळलं, तर एका फोनवर ते विमान थांबवू शकत. हा अधिकार मोठ्या साहेबांनाही नव्हता. म्हणजे होता, पण त्यांना आधी समिती बोलवावी लागे.

यात एकच घोळ झाला होता. पहिल्या खोलीचा प्रमुख आणि दुसऱ्या खोलीची प्रमुख हे नवरा-बायको होते. आडनावं वेगळी असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा काम अर्ध्यावर होतं. भिंतसाहेब त्यांच्या घरी येऊन गेले. जेवणाचं टेबल, गॅलरी, झोपायची खोली असं सगळं त्यांनी चिंताग्रस्त चेहऱ्याने पाहिलं, चहाला नको म्हणाले, आणि तोडगा काढला: घरात कामाचा विषय नाही, आणि गाडीत रेडिओ चालू.

मूळ नियम दोघं पहिल्या दिवसापासून पाळत होतीच; हाही त्यांनी जिवापाड पाळला. त्याला तर त्याचा अभिमानच होता; काहीजण गळ्यात पदक घालतात तसं तो मौन घालून हिंडायचा. सासूबाईंना वाटलं, दोघांचं बिनसलंय. नणंदेने फोन करून विचारलं, "वहिनी, सगळं ठीक आहे ना?" तेव्हा ती म्हणाली, "हो गं, आम्ही स्वतंत्र आहोत." त्यावर नणंद फोनवरच रडायला लागली.

त्या दिवशी सकाळी कॅप्टन दुसऱ्या खोलीत आली. विमान चालवणारी तीच. वैमानिकाला तिन्ही खोल्यांत फिरायची मुभा होती, फक्त एका खोलीत ऐकलेलं दुसऱ्या खोलीत सांगायचं नाही.

"आजच्या कार्यक्रमात बदल आहे," ती म्हणाली. "पाहुणे येतायत. त्यांना विमान जवळून बघायचंय. तर दुपारी उड्डाण, एक चक्कर, मग धावपट्टीवरून चाळीस फुटांवरून त्यांच्या नाकासमोरून जायचं आणि पुन्हा वर. चाकं खाली ठेवून."

"चाकं खाली का?"

"फोटोत बरी दिसतात म्हणे. सांग, तुझ्याकडून काही आहे?"

"नाही, खुशाल जा."

"बघ हं. मी तुझ्या शब्दावर जातेय. तुमच्या त्या मशीनवर माझा काडीचा विश्वास नाही."

ती हसत निघून गेली. दुसऱ्या खोलीची प्रमुखही हसली, आणि ते हसू पुरतं मावळायच्या आत रिगवरून बोलावणं आलं.

रिग म्हणजे मोठ्या हॉलमध्ये उभा केलेला विमानाचा सांगाडा. खरे पंख, खरी चाकं, खरे संगणक, खोटं आकाश. दुपारच्या उड्डाणाची रंगीत तालीम तिथे नुकतीच झाली होती: उड्डाण, चक्कर, खालची फेरी, शेवटी उतरणं. तालमीत तिसरा संगणक बाद झाला होता. म्हणजे कुठल्यातरी क्षणी पहिला आणि दुसरा एक बोलले आणि तिसरा वेगळं बोलला. कुठल्या क्षणी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मतभेद झाला की लाल दिवा लागून भोंगा वाजतो. पण पाहुणे हॉल बघून जाणार होते, म्हणून भोंगा बंद ठेवला होता. स्पॉयलर हलवणारा पंपही त्याच कारणाने बंद होता, त्याचा आवाज फार. थोडक्यात, तालीम अत्यंत शांततेत पार पडली होती.

"मी सांगतो ना केव्हा ते!" तिसऱ्या खोलीचे प्रमुख ओरडत होते. त्यांना सगळे खुसपटराव म्हणत, तोंडावरसुद्धा. "खालच्या फेरीत. माझा संगणक म्हणाला 'हवेत'. उत्तरं दोनच आहेत. मग हे दोघं काय म्हणाले असतील? विमान चाळीस फुटांवर आहे आणि हे दोघं म्हणतायत जमिनीवर!"

"ते दोघं काय म्हणाले हे तुम्हाला माहीत असता कामा नये," भिंतसाहेब म्हणाले.

"मी अंदाज केला!"

"अंदाजसुद्धा शक्यतो नको."

मोठ्या साहेबांनी हात वर केला. पाहुण्यांसाठी घातलेला नवा कोट त्यांना काखेत दाटत होता, त्यामुळे तो अर्धाच वर गेला. "हे बघा. शेवटी विमान उतरलं तेव्हा दोघं म्हणाले जमिनीवर. तुमचा संगणक मागे राहिला. गेल्या वेळीही तुमचाच मागे राहिला होता."

"गेल्या वेळी वायर सुटली होती!"

"आणि त्याआधी?"

"त्याआधी मी राजीनामा दिला होता. तुम्ही घेतला नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. मोकळा, निश्चिंत हशा. चूक खुसपटरावांच्या खोलीत निघाली याचं सगळ्यांना बरं वाटत होतं. पावसाळी चप्पल चोरीला जावी आणि नेमकी ती जुनी निघावी, तसं.

ती हसली नाही. स्वतःच्या संगणकाची नोंद बघायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. खोलीत येऊन तिने सकाळची तालीम उघडली. खालची फेरी. उंची चाळीस फूट. तिच्या संगणकाने स्वच्छ, निःशंक उत्तर दिलं होतं: जमिनीवर.

तिने स्वतःचा आराखडा उघडला.

कारण शोधायला वेळ लागला नाही, ते तिनेच मोठ्या हौसेने घातलेलं होतं. चाकांच्या वरचा दट्ट्या दबला की विमान टेकलं, असं सगळे धरतात. पण ओल्या धावपट्टीवर विमान अलगद टेकलं तर दट्ट्या दबायला उशीर होतो, ब्रेकला उशीर होतो. तिने त्यावर मात केली होती: विमान अगदी खाली असेल, इंजिनं मंद असतील आणि चाकं वेगाने फिरत असतील तर टेकलंच समजायचं. चाकं हवेत कशाला फिरतील? उडाल्यावर वर घेतानाच ती ब्रेक लागून थांबतात आणि पोटात जातात. आज ती पोटात जाणार नव्हती. आज ती उड्डाणापासून खालीच राहणार होती, फिरत, वाऱ्यावर, फोटोसाठी.

मोठे साहेब जिन्याच्या तोंडाशी सापडले, पाहुण्यांच्या स्वागताला निघालेले.

"साहेब, उड्डाण थांबवा. माझा संगणक चुकीचा आहे. खालच्या फेरीत स्पॉयलर उभे राहतील. चाळीस फुटांवर आधार सुटला तर सावरायला जागाच नाही."

"तुमचा चुकीचा?"

"हो."

"पहिला तुमच्यापासून पूर्ण स्वतंत्र आहे ना?"

"आहे."

"आणि त्याचं आणि तुमचं एकमत झालं ना?"

"झालं. पण—"

"मग तुमचा चुकीचा कसा असेल?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि समजा असला चुकीचा. मग आपल्याकडे पहिला आहेच की. तो बरोबर आहे. आणि तो तेच सांगतोय जे तुमचा सांगतोय."

या युक्तिवादात शिरायला जागा नव्हती. नवी सोन्याची अंगठी असावी तसा तो सगळीकडून गोल आणि गुळगुळीत होता.

"ताण घेऊ नका," साहेब म्हणाले. "घरी काही आहे का? यजमान ठीक ना?"

यजमान! तिने नवऱ्याला फोन लावला. "पार्किंगमध्ये ये. गाडीत माझा डबा राहिलाय आणि किल्ली तुझ्याकडे आहे."

तो आला. सवयीने गाडीत बसला, सवयीने रेडिओ लावला. कुणीतरी हवामान सांगत होतं. तिने रेडिओ बंद केला.

"अगं!"

"ऐक. तुझा संगणक चाकांचं फिरणं बघतो का?"

त्याने दाराच्या कडीवर हात ठेवला. "तू काय बोलतेयस हे तुला कळतंय?"

"हो की नाही, एवढंच."

"सात वर्षं. सात वर्षं मी तुला कधी 'आज दमलो' म्हणूनसुद्धा सांगितलं नाही, कशाने दमलो असं तू विचारशील म्हणून. आणि तू ऐन उड्डाणाच्या दिवशी—"

"माझा बघतो. खाली असेल, इंजिन मंद, चाकं फिरतायत, की टेकलं. दट्ट्याची वाट बघत नाही. आणि आज चाकं वर घेणार नाहीत."

"हे तू मला सांगायला नको होतंस." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मला आता कळवावं लागेल."

"कळव. पण आधी सांग. ओली धावपट्टी, दट्ट्याला उशीर. तू काय केलंस? मी तुला ओळखते रे. तुलाही दट्ट्या वेंधळा वाटला असणार. तुलाही चाकांची युक्ती सुचली असणार, आणि त्या रात्री तू स्वतःवर खूश होऊन झोपला असशील."

तो काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याचा युक्तिवादाचा चेहरा तिला माहीत होता, रागाचा माहीत होता. हा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, मुलगी शाळेच्या सहलीवरून वेळेत परतली नाही तेव्हा.

"मला आत जायला हवं," तो म्हणाला, आणि गेला. किल्ली तशीच गाडीला लटकत राहिली.

धावपट्टीकडून इंजिनांचा आवाज सुरू झाला.

नियंत्रण कक्षात ती पोचली तेव्हा काचेपलीकडे विमान धावपट्टीच्या टोकाकडे वळत होतं. पाहुणे गच्चीवर होते. छतातून त्यांच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. तिन्ही खोल्यांचे प्रमुख नेमलेल्या जागी बसायचे, मध्ये प्लायवूडच्या फळ्या. तिची जागा रिकामी होती. तो त्याच्या जागी होता, मान खाली. मोठे साहेब काचेजवळ, कॅप्टनशी बोलायचा एकमेव माईक त्यांच्या हाताशी, भिंतसाहेब फोनजवळ.

ती सरळ भिंतसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "मला कळवायचंय. मी पहिल्या खोलीच्या प्रमुखांशी कामाबद्दल बोलले."

भिंतसाहेबांचा चेहरा उजळला की काळवंडला, सांगणं अवघड. आयुष्यभर राखण करणाऱ्याच्या दारात चोर एकदाचा आला होता. "केव्हा?"

"आत्ता. पार्किंगमध्ये."

"अहो, आत्ताचं चालतं!" मोठे साहेब काचेकडून वळले. "संगणक सीलबंद होऊन सहा महिने झाले. आता तुम्ही काहीही बोला. मुलांबद्दल बोला, राजकारणाबद्दल बोला. नियम कामाच्या काळापुरता आहे. हो ना हो?"

भिंतसाहेबांनी खिन्नपणे मान हलवली. नियम तसाच होता.

छताजवळच्या स्पीकरमधून कॅप्टनचा आवाज आला. "टोकाला पोचले. सगळं हिरवं. निघू का?"

"आत्ताच नाही," ती भिंतसाहेबांना म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा ऐकू आला. "आधीपासून. काम चालू होतं तेव्हापासून. आम्ही घरी बोलायचो."

"किती वेळा?"

"रोज."

तिसऱ्या फळीमागून खुसपटरावांचं डोकं वर आलं. पेन कुणाच्यातरी हातातून पडलं. भिंतसाहेब सावकाश फळ्यांच्या पलीकडे गेले आणि तिच्या नवऱ्यापुढे उभे राहिले.

"हे खरं आहे?"

नाही म्हटलं असतं तर ते खरं होतं. त्याच्याजवळ दाखवण्यासारखी जी एक गोष्ट होती, जिच्यासाठी त्याने आईचे टोमणे, बहिणीचं रडणं आणि जेवणाच्या टेबलावरची ती लांबच लांब शांतता सोसली, ती शाबूत राहिली असती. आणि हो म्हटलं तर दोन खोल्यांचं सगळं काम संशयित, नोकरी गेल्यात जमा, आणि फसवल्याचा शिक्का कायमचा.

"निघू का?" कॅप्टनने पुन्हा विचारलं. "पाहुण्यांची मानगूट अवघडली असेल."

मोठे साहेब माईककडे सरकले. "एक मिनिट, कॅप्टन. घरगुती मामला आहे. हं, बोला हो पटकन. नाही म्हणा आणि बसा."

तो उठला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग काचेतून लांबवर, जिथे विमान इवलंसं, चकचकीत दिसत होतं.

"रोज," तो म्हणाला.

"तपशीलवार?"

"कोपरानकोपरा."

भिंतसाहेबांनी फोन उचलला.

त्यानंतरचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. विमान धावपट्टीवरून परत आलं, पाहुण्यांना तांत्रिक कारण सांगून लवकर जेवायला बसवलं, आणि मोठे साहेब नवा कोट काढून ओरडले. त्यांनी दोघांना विश्वासघातकी म्हटलं, मग लग्नसंस्थेबद्दल बोलले, मग पुन्हा दोघांबद्दल. दोघं ऐकत उभी होती. अशात कॅप्टन आली, हेल्मेट काखेत, घामाने केस चिकटलेले; खालच्या फेरीबद्दलचं खुसपटरावांचं म्हणणं तिने वाटेत ऐकलं होतं.

"मला रिगवर ती फेरी करायचीय. पंप चालू करून."

"पाहुणे जेवतायत, आवाज—" साहेब म्हणाले.

"जेवू देत. बहिरे झाले तर मी बघते."

पंप सुरू झाला, हॉलची तावदानं थरथरली. भोंगाही जोडला. कॅप्टन सांगाड्यातल्या खुर्चीत बसली. समोरच्या पडद्यावर खोटं आकाश, खोटी धावपट्टी, कडेला खोटं गवत. उड्डाण. चक्कर. ती खाली आली, अलगद, सराईतपणे, फिरत्या चाकांनिशी. इंजिनं मंद केली. भोंगा किंचाळला आणि खऱ्या पंखांवरचे खरे स्पॉयलर इतक्या जोरात उभे राहिले की जवळ उभे असलेले मोठे साहेब मागे सरकून भिंतीला टेकले. पडदा हिरवा झाला, मग तपकिरी, मग थिजला.

"पुन्हा," कॅप्टन म्हणाली.

पुन्हा तेच. या वेळी तिने स्पॉयलर उठताक्षणी पूर्ण जोर दिला होता. इंजिनांना जोर धरायला वेळ लागतो. पडदा तपकिरी.

तिसऱ्यांदा काय होणार ते तिला माहीत होतं, तरी तिने पूर्ण फेरी केली. मग हात लिव्हरवरून न काढता बसून राहिली. पंप कुणीतरी बंद केला.

"खुसपटराव," ती म्हणाली, "तुमचा कसा काय वाचला?"

"मी चाकांवर विश्वास ठेवला नाही. दट्ट्या दबल्याशिवाय मी ऐकतच नाही." खुसपटरावांना एरवी अशा वेळी आनंद झाला असता. आता त्यांचा आवाज घोगरा होता. "तसा मी कुणावरच ठेवत नाही."

कॅप्टन खुर्चीतच वळली. नवरा-बायको पिवळ्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभी होती, सवय. "आणि तुम्ही दोघं. घरी रोज बोलून बोलून एकच चूक करून ठेवलीत?"

भिंतसाहेब अहवालाचा कागद मांडीवर घेऊन बसले होते. त्यात तसंच लिहिलं जात होतं. ते वाक्य सगळ्यांना पटणारं होतं. रेघ ओलांडली, म्हणून चूक झाली. रेघ आणखी जाड करा, की झालं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हलकेच मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही कधीच बोललो नाही. एक शब्दही नाही. आजचं पार्किंग सोडलं तर."

"मग मघाशी?"

"मघाशी तुला विमानातून उतरवायचं होतं."

मोठे साहेब भिंतीपासून सुटे झाले. "म्हणजे खोटं बोललात! खोटं बोलून उड्डाण—"

"थांबा हो जरा," कॅप्टन म्हणाली. ती खुर्चीतून उतरली. "म्हणजे न बोलता? दोन खोल्यांत, दोन टोकांना बसून, तुम्हाला दोघांना तीच एक शक्कल सुचली?"

"हो," तिचा नवरा म्हणाला. "आम्ही एकाच वर्गात शिकलो. एकाच माणसाने शिकवलं. आणि मग इतकी वर्षं एकाच घरात."

कॅप्टन मनाशी काहीतरी जुळवत होती.

"या विमानात तुमच्या दोघांच्या हातचं अजून काय काय आहे?"

"इंधनाचा हिशेब," ती म्हणाली. "गारठ्याचा इशारा. दारं. वळणाच्या मर्यादा. सगळंच."

"आणि यातलं काय काय तुम्हाला सारखंच सुचलंय?"

हा प्रश्न सात वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारायला मनाई होती.

भिंतसाहेब उठले. त्यांनी अहवालाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल स्वतः ओढत आणलं आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. टेबल बरोबर रेघेवर आलं.

"बसा," ते दोघांना म्हणाले. घसा खाकरून त्यांनी पुढचा शब्द उच्चारला तेव्हा तो त्यांना चांगलाच जड गेला. "बोला."

दोन्ही खोल्यांतून आराखडे आणले गेले. कॅप्टनने तिसरी खुर्ची घेतली आणि हेल्मेट मांडीवर ठेवून बसली. तिचं तिथे काही काम नव्हतं, पण तिला कुणी जा म्हटलं नाही. खुसपटराव मागे उभे राहिले.

ती त्याचा आराखडा वाचायला लागली, समोर तो तिचा. पहिलं पान, इंधनाच्या टाक्या. दोघांचे अंगठे ओळीओळीने खाली सरकत होते. पानाच्या मध्यावर तिचा अंगठा थांबला. तिने वर पाहिलं. त्याचाही थांबलेला होता.

"काय आहे तिथे?" कॅप्टनने विचारलं.